सूर्यफुलाचे संकरित बियाणे : इनब्रेड लाइनपासून शेतापर्यंत

सूर्यफुलाचे बियाणे दर हंगामाला नवे का घ्यायचे, घरचे का चालत नाही, हा प्रश्न शिवारफेरीत आणि शेतकरी मेळाव्यात हमखास येतो. "संकरित आहे म्हणून" एवढ्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. संकरित वाण ज्या इनब्रेड लाइनच्या संकरातून येतो त्या कशा तयार होतात आणि कशा राखल्या जातात हे समजले, की घरचे बियाणे का फसते ते कळते. शिवाय विकतच्या बियाण्यात भेसळ असेल तर तीही फुलोऱ्यात नुसत्या नजरेने ओळखता येते. हा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे.

संकराच्या आधीचे सूर्यफूल

तेलासाठीचे सूर्यफूल आपल्या देशात 1969 च्या सुमारास तेव्हाच्या सोव्हिएत रशियातून आलेल्या वाणांमुळे रुजले. पेरेडोविक, आर्माविरस्की ही त्यातली नावे जुन्या कृषी सहायकांना आठवत असतील. पुढे लवकर येणारा, ठेंगणा मॉर्डन हा वाण आला. तो 80 ते 85 दिवसांत निघतो.

हे सगळे सरळ वाण. सूर्यफूल परपरागीकरण होणारे पीक आहे. एकाच फुलात (तबकात) हजारच्या आसपास किंवा त्याहून जास्त लहान फुले असतात आणि ती कडेकडून मध्याकडे, रोज काही वर्तुळे अशी आठ-दहा दिवस उमलत जातात. प्रत्येक लहान फुलात आधी पराग बाहेर पडतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यातच बऱ्याच झाडांना स्वतःचा पराग चालत नाही. त्यामुळे मधमाशी आली तर दाणा भरतो, नाहीतर दाणे पोकळ राहतात. सकाळी मऊ कापड तबकावर फिरवून हाताने परागीकरण करण्याची शिफारस आजही केली जाते, ती याचसाठी.

सरळ वाणातली झाडे एकमेकांची भावंडे असली तरी एकसारखी नसतात. एक उंच, एक बुटके, एक आठवडाभर आधी फुलणारे, कोणात तेल जास्त, कोणात टरफल जाड. बियाणे घरी ठेवले तरी पुढच्या वर्षी साधारण तसेच पीक येते, हा त्यांचा गुण. उत्पादन एका मर्यादेच्या वर जात नाही, हा दोष.

इनब्रेड लाइन कशी तयार होते

चांगल्या झाडाचे फूल उमलण्याआधी कापडी किंवा कागदी पिशवीने झाकायचे, त्याचा पराग त्यालाच द्यायचा आणि मिळालेले बी वेगळे पेरायचे. पुढच्या पिढीत पुन्हा तेच. याला स्वपरागीकरण म्हणतात. प्रत्येक पिढीत गुणांमधली सरमिसळ निम्म्याने कमी होते. पहिल्या पिढीनंतर 50 टक्के उरते, मग 25, मग 12.5, आणि सहाव्या पिढीनंतर दीड टक्क्याच्या आसपास. अशा सहा-सात पिढ्यांनंतर ओळीतली सगळी झाडे एका साच्यातून काढल्यासारखी दिसतात. तीच इनब्रेड लाइन.

ऐकायला सोपे वाटते, पण या वाटेवर बहुतेक ओळी मरतात किंवा टाकून द्याव्या लागतात. जवळच्या रक्तात लग्न लावत गेले की दडलेले दोष वर येतात, तसेच इथे होते. झाडे खुजी होतात, तबक लहान होते, काहींच्या पानात हरितद्रव्यच नसते, काही फुलत नाहीत. सूर्यफुलात आणखी एक अडचण आहे. ज्या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही ते पिशवीखाली दाणेच धरत नाही. म्हणून सुरुवातीच्या पिढ्यांत पैदासकार सर्वांत आधी पिशवीखाली किती दाणे भरले ते मोजतो. ही निवड शेतकऱ्याच्याही कामी येते, कारण स्वतःच्या परागावर दाणे धरण्याचा गुण संकरित वाणात उतरला तर मधमाश्या कमी असलेल्या हंगामातही दाणे बऱ्यापैकी भरतात.

तेलाचे प्रमाण तपासण्यासाठी आता दाणा फोडावा लागत नाही. एनएमआर यंत्रात अख्खे बी तपासून तेच पुढे पेरता येते. तेलाची प्रत पाहायची असेल तर दाण्याच्या रुंद टोकाचा लहानसा तुकडा कापून तपासतात आणि अंकुर असलेला उरलेला भाग लावतात.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. इनब्रेड लाइन म्हणजे भारी वाण नव्हे. शेतात लावली तर ती कोणालाच परवडणार नाही. तिची किंमत एवढ्याचसाठी, की तिचे बी दरवर्षी हुबेहूब तसेच येते आणि दुसऱ्या, दूरच्या रक्ताच्या लाइनशी संकर केला की दबलेला जोम एकदम उसळून वर येतो. यालाच संकरजोम म्हणतात.

संकर करायचा कसा? ए, बी आणि आर लाइन

मक्यात तुरा खुडला की मादी ओळ तयार झाली. सूर्यफुलात तशी सोय नाही. एकेका तबकातल्या शेकडो लहान फुलांचे पुंकेसर पहाटे चिमट्याने काढणे प्रयोगशाळेच्या दहा झाडांवर जमते, एकरावर नाही. त्यामुळे संकरजोम माहीत असूनही संकरित सूर्यफूल बरीच वर्षे अडून राहिले.

1969 मध्ये फ्रान्सच्या लेक्लेर्क या पैदासकाराने मार्ग दाखवला. हेलियान्थस पेटिओलॅरिस या रानटी सूर्यफुलाचा नेहमीच्या सूर्यफुलाशी संकर करताना त्यांना अशी झाडे मिळाली, ज्यांना परागच येत नव्हता. हा दोष पेशीद्रव्यात, म्हणजे आईकडून येणाऱ्या भागात होता. बापाचा पराग कोणताही असो, पेशीद्रव्य आईचेच जाते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत किनमन यांनी हे नरवंध्यत्व दूर करून पराग परत आणणारा जनुक शोधला. कुलपाला किल्ली मिळाली आणि 1970 च्या दशकात जगभर संकरित सूर्यफूल पसरले.

आता तीन लाइन समजून घेऊ.

ए लाइन ही मादी. तिचे पेशीद्रव्य नरवंध्य असते, पराग येत नाही, पण स्त्रीकेसर उत्तम.

बी लाइन ही तिची जुळी बहीण. दिसायला, उंचीला, फुलण्याच्या दिवसाला अगदी तशीच, फक्त पेशीद्रव्य साधे असल्याने हिला पराग येतो. ए लाइनला स्वतःचे बी करता येत नाही, म्हणून तिला बी लाइनचा पराग देतात. त्यातून पुन्हा ए लाइनचेच बी मिळते. म्हणून बी लाइनला राखणारी लाइन म्हणतात.

आर लाइन हा नर. त्यात पराग परत आणणारा प्रबळ जनुक असतो. ए लाइनवर आर लाइनचा पराग पडला की जे बी तयार होते तेच आपण पिशवीत विकत घेतो. त्या बियाण्याच्या प्रत्येक झाडाला पराग येतो.

हा पराग यायलाच हवा, कारण इथे दाणा हेच उत्पन्न आहे. संकरित कांद्यात आपण कांदा काढतो, बी नाही. तिथे शेतातले झाड नरवंध्य असले तरी फरक पडत नाही. तेलबियांत ही सूट नाही.

नवी लाइन बी गटातली की आर गटातली हे दिसण्यावरून कळत नाही. तिचा पराग एखाद्या ए लाइनवर टाकतात. संतती सगळी नरवंध्य निघाली तर ती बी, सगळी परागवाली निघाली तर आर. मिसळ निघाली तर अजून शुद्ध झालेली नाही. बी ठरली, की तिची ए तयार करायला आणखी पाच-सहा पिढ्या लागतात. नरवंध्य झाडावर त्याच बी लाइनचा पराग पिढ्यानपिढ्या देत राहायचा. सहा वेळा उलट संकर केल्यावर 99 टक्क्यांच्या वर गुण बी लाइनचे आणि पेशीद्रव्य नरवंध्य, असे झाड हाती येते. खरीप, रब्बी, उन्हाळी असे हंगाम धरून काम केले तरी आणि काढणीनंतरची दीडेक महिन्याची बियाण्याची सुप्तावस्था औषधाने मोडली तरी, पहिल्या पिशवीपासून वाण प्रसारित होईपर्यंत आठ-दहा वर्षे सहज जातात.

आर लाइनची एक गंमत आहे. बऱ्याच आर लाइन मुद्दाम फांद्या फुटणाऱ्या ठेवलेल्या असतात. एका झाडावर अनेक लहान फुले मागेपुढे उमलत असल्याने पराग बरेच दिवस मिळत राहतो. फांद्यांचा हा गुण दबणारा असल्याने संकरित झाड एकाच मोठ्या तबकाचे येते. हे लक्षात ठेवा, पुढे भेसळ ओळखताना लागेल.

कोणती जोडी जुळते

50 ए लाइन आणि 20 आर लाइन असल्या तर 1,000 जोड्या होतात. सगळ्या शेतात तपासणे अशक्य. म्हणून नवी लाइन दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत असतानाच तिचा एक-दोन ठरलेल्या कसोटी लाइनशी संकर करून संततीचे उत्पादन पाहतात. जी लाइन कोणाशीही जोडली तरी बरी संतती देते ती पुढे नेतात आणि बाकीच्या तिथेच थांबवतात. त्यानंतर निवडक जोड्यांच्या चाचण्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वेगवेगळ्या हंगामांत होतात.

भारतातला पहिला संकरित वाण बीएसएच-1 हा बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून 1980 मध्ये आला. त्याची मादी सीएमएस 234ए आणि नर अमेरिकेतून आलेली आरएचए 274. हीच मादी नंतर 6डी-1 या नराशी जोडून केबीएसएच-1 हा गाजलेला वाण तयार झाला. एक चांगली मादी किती वर्षे पुरते ते यावरून दिसते. मला तरी कोणत्याही पैदास केंद्राची खरी श्रीमंती प्रसारित वाणांच्या यादीत नव्हे, तर अशा हाताबाहेर न गेलेल्या, शुद्ध राखलेल्या लाइनमध्ये दिसते.

केवडा, लातूर आणि एकाच रक्ताचा धोका

1980 च्या दशकाच्या मध्याला मराठवाड्यात, लातूर भागात सूर्यफुलावर केवडा रोग पहिल्यांदा दिसला. झाड खुजे राहते, पानांच्या शिरांलगत फिकट पट्टे येतात, पानाखाली पांढरी बुरशी दिसते आणि तबक वर आकाशाकडे पाहत राहते. बियाण्याला 35 टक्के मेटॅलॅक्झिल 6 ग्रॅम प्रति किलो चोळणे हा लगेचचा उपाय, तो आजही सांगितला जातो. पण टिकाऊ उपाय लाइनमध्येच शोधावा लागला. केवड्याला रोखणारे जनुक बहुतेक प्रबळ असतात, म्हणजे नर किंवा मादी यांपैकी एका लाइनमध्ये असले तरी संकरित झाड वाचते. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रातून केवडा प्रतिकारक संकरित वाण पुढे आले ते याच वाटेने. तेलाच्या प्रतीचे मात्र उलट आहे. जास्त ओलेइक आम्ल असलेले तेल संकरित वाणात खात्रीने हवे असेल तर तो गुण दोन्ही लाइनमध्ये घालावा लागतो, म्हणजे काम दुप्पट.

एकाच प्रतिकारक जनुकावर विसंबले तर बुरशी नवा प्रकार काढून त्याला चुकवते. त्यामुळे लाइन एकदा तयार झाली आणि काम संपले असे कधी होत नाही.

याहून मोठी काळजी पेशीद्रव्याची आहे. जगातले जवळपास सगळे संकरित सूर्यफूल लेक्लेर्क यांना मिळालेल्या त्या एकाच नरवंध्य पेशीद्रव्यावर उभे आहे. अमेरिकेत 1970 मध्ये मक्याच्या बाबतीत असेच एका पेशीद्रव्यावर विसंबणे अंगाशी आले होते. त्या पेशीद्रव्याला घातक करपा आला आणि देशभरच्या पिकाला फटका बसला. सूर्यफुलात तसे घडलेले नाही. इतर रानटी जातींतून नरवंध्यत्वाचे अनेक नवे स्रोत सापडले आहेत, पण त्यांना नीट किल्ली लावणाऱ्या आर लाइन कमी, म्हणून ते वापरात फारसे आले नाहीत.

बीजोत्पादनाच्या शेतात काय सांभाळायचे

काही शेतकरी कंपनी किंवा महामंडळासाठी बीजोत्पादन घेतात. त्यांच्या शेतात पैदासकाराची दहा वर्षांची मेहनत एका हंगामात टिकते किंवा बुडते.

विलगीकरण अंतर पायाभूत बियाण्यासाठी 600 मीटर आणि प्रमाणित संकरित बियाण्यासाठी 400 मीटर. शेजारच्या बांधावर कोणी हौसेने लावलेली चार सूर्यफुलेही यात धरायची, मधमाशी हद्द पाहत नाही. मादीच्या तीन किंवा चार ओळींना नराची एक ओळ आणि चहूबाजूंनी नराच्या ओळी. दोन्ही लाइन एकाच वेळी फुलायला हव्यात. नर चार दिवस उशिरा फुलणारा असेल तर तेवढे दिवस आधी पेरायचा. हे वेळापत्रक बियाणे देणाऱ्याकडून लेखी घ्या, अंदाजाने पेरू नका.

फुलोऱ्यातले पंधरा दिवस सर्वांत कसोटीचे. रोज सकाळी, मधमाश्या कामाला लागण्याआधी, मादीच्या प्रत्येक ओळीतून फिरायचे. नरवंध्य फुलाचे पुंकेसर फिकट, सुकलेले आणि आतच दबलेले असतात. परागवाल्या फुलात गडद रंगाची नळी वर आलेली आणि तिच्या टोकाला पिवळा पराग दिसतो. मादीच्या ओळीत असे एक जरी झाड दिसले तरी ते तत्क्षणी उपटून शेताबाहेर न्यायचे. ते बहुधा मिसळलेले बी लाइनचे झाड असते आणि बाकी बाबतीत ए लाइनशी इतके सारखे असते, की फुलण्याआधी ओळखताच येत नाही. दुपारी पाहू म्हटले तर तोवर त्याचा पराग आजूबाजूच्या ओळींवर गेलेला असतो.

हेक्टरी पाच मधपेट्या ठेवाव्यात आणि सकाळी 8 ते 11 दरम्यान एक दिवसाआड नराचा पराग कापडाने मादीवर लावावा. काढणीला आधी नराची सगळी झाडे कापून शेताबाहेर न्यावीत, मगच मादीच्या तबकांना हात लावावा. मजूर कमी असले की दोन्ही एकदम कापण्याचा मोह होतो. तो महागात पडतो.

घरचे बियाणे ठेवले तर काय दिसेल

संकरित पिकाचे दाणे पुढच्या वर्षी पेरले, तर दोन्ही लाइनचे गुण पुन्हा फुटतात. पराग परत आणणारा जनुक बहुतेक वाणांत एकच असल्याने साधारण चारात एक झाड नरवंध्य निघते. नर लाइन फांद्यांची असेल तर चारात एक झाड फांद्या फुटलेले, लहान लहान तबकांचे येते. उंची आणि फुलण्याचा दिवस यांचा मेळ राहत नाही, त्यामुळे काढणी एकदम करता येत नाही आणि आधी पक्व झालेली तबके पोपटांच्या तावडीत सापडतात.

उत्पादनाचा हिशोब असा. एका पिढीत संकरजोमाचा निम्मा भाग जातो. उदाहरणापुरते धरू, की दोन इनब्रेड लाइन सरासरी एकरी 2 क्विंटल देतात आणि त्यांचा संकर 7 क्विंटल. जोम झाला 5 क्विंटलचा. घरच्या बियाण्यात त्यातला अडीच क्विंटल जातो आणि साडेचार हाती येतात. नरवंध्य झाडांमुळे पोकळ दाणे वाढले तर त्याहूनही कमी. बियाण्याचा खर्च वाचवून एवढे घालवायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे. बियाणे घरचेच ठेवायचे असेल तर संकरिताऐवजी सरळ वाण घ्यावा आणि तोही शेताच्या मध्यभागातल्या चांगल्या तबकांतून निवडून ठेवावा.

विकतच्या बियाण्यातली भेसळ ओळखा

पीक फुलोऱ्यात असताना शेतात चार-पाच ठिकाणी प्रत्येकी 100 झाडे मोजा. प्रमाणित संकरित बियाण्यात 95 टक्के झाडे वाणाला धरून असायला हवीत.

परागच नसलेली तबके जागोजागी दिसली तर बीजोत्पादनाच्या शेतात मादीवर बी लाइनचा पराग पडला होता, म्हणजे रोजची पाहणी नीट झाली नव्हती. खालपासून फांद्या फुटलेली, लहान फुलांची झाडे दिसली तर नराचे बी काढणीत मिसळले. मात्र शेंडा अळीने खाल्ला किंवा मोडला तरीही फांद्या फुटतात, म्हणून आधी शेंडा तपासा. खुजी, लहान तबकाची पण परागवाली झाडे बी लाइनची असू शकतात. पानाखाली पांढरी बुरशी असेल तर तो केवडा, भेसळ नव्हे. एखाद-दुसरे खूप उंच, उशिरा फुलणारे, वेगळ्या रंगाच्या दाण्याचे झाड म्हणजे बाहेरचा पराग आला. चारात एक नरवंध्य आणि चारात एक फांद्यांचे असे प्रमाण दिसले, तर पिशवीत संकरित बियाणे नव्हतेच, कोणीतरी संकरित पिकाचे दाणे भरले आहेत.

शंका आली तर तक्रार फुलोऱ्यातच करा. पराग आहे की नाही हे फूल उमललेले असतानाच दिसते. तबक वाळल्यावर पोकळ दाणे कशाने झाले, भेसळीने, पावसाने की मधमाश्या नसल्याने, हे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही आणि पंचनामा तिथेच अडतो. खरेदीची पावती, पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि पेरताना बाजूला ठेवलेले मूठभर बियाणे जपून ठेवा, शेताचे फोटो तारखेसह काढा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती पाहणीला येईपर्यंत ती झाडे उपटू नका.